पायाची घागर

मी ओंजळ धरून उभी होते आणि पाणी घालणारा माणूस जेवायला गेला होता.

चैत्राचं ऊन. मालकाच्या मळ्यात हळद शिजवणं चाललेलं. निंबाखाली रांजण. रांजणावर लाकडाचं झाकण, झाकणावर पालथा तांब्या. रांजणाच्या पलीकडं तीन पावलांवर बाज, आणि बाजेवर धाकटे मालक तोंडावर पेपर घेऊन आडवे झालेले. रांजणाच्या अलीकडं जमिनीत एक दगड रोवलेला होता. तो कुणी रोवला, कधी रोवला, माहीत नाही. पण आमच्या वस्तीचं कुणी त्याच्यापुढं पाऊल टाकत नव्हतं. मी आणि आय त्या दगडाशी उभ्या होतो.

आमची जात इथं लिहीत नाही. वाचणाऱ्याला ती कळलीच असेल. नसेल कळली तर तो माणूस भाग्याचा, त्याला कधी दगडाशी उभं राहावं लागलं नसेल.

आय म्हणाली, "मालक, घोटभर पानी मिळंल का?"

पेपरखालून आवाज आला. "किसन येईल आता."

"किसनमामा कवाचे जेवाया गेलेत."

"मग थांबा ना. घोटभर पाण्यावाचून कुणी मरतं का?"

त्यांचं बरोबर होतं. कुणी मेलं नाही. आय मेली नाही, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे तुम्ही पुढं त्याचीच वाट बघत बसणार नाही.

किसनमामा म्हणजे मालकाचा जुना गडी. जातीनं मालकाचाच, पण जमीन नसलेला. त्याचं मुख्य काम पाणी घालणं. तहान लागली की आम्ही दगडाशी यायचं, हाक मारायची, ओंजळ तोंडाला लावून वाकायचं, आणि तो वरून धार सोडायचा. मळ्यात तीसएक बाया-माणसं. किसनमामा एक. तो बिचारा दिवसभर उठबस करून थकायचा. जेवला की गोठ्याच्या सावलीत त्याचा डोळा लागायचा. त्याला उठवायला कुणी जायचं नाही, कारण गोठासुद्धा दगडाच्या पलीकडं होता.

आम्ही थांबलो. तेवढ्यात भट्टीवरून हाक आली, "काडी गेली, काडी गेली!"

हळद शिजवताना कढईतली एक गाठ काढून तिला गवताची काडी टोचतात. काडी आरपार गेली की हळद शिजली. मग वेळ काढता येत नाही. लगेच बाहेर काढावी लागते, नाहीतर गाठी मऊ पडून माल वाया जातो. भोकाच्या घमेल्यानं हळद उपसायचं काम आयचं होतं. ती तशीच माघारी फिरली. जाताना तिनं जीभ ओठांवरून फिरवली. ओठाला ओल लागली नाही.

पहिलं घमेलं तिनं काढलं. दुसरं काढलं. तिसऱ्याला वाकली ती वाकलीच. उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या पाण्यात गेला. मी मागं होते. तिच्या पदराला धरून मी तिला ओढलं, तेव्हा पदर फाटला. मग केसांना धरून ओढलं.

तिचं ओरडणं ऐकून किसनमामा पळत आला. गोठ्यातून रांजणाकडं, रांजणापासून आमच्याकडं. दगड ओलांडून आला. तांब्या भरून आणला. "हात पुढं कर, हात पुढं कर," म्हणत धार धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी बघितलं. आणि तांब्या आयच्या हातापासून हातभर उंच होता, हेही बघितलं. माणूस भाजलं तरी तांब्या खाली आला नाही. किसनमामानं तो मुद्दाम वर धरला नव्हता. त्याच्या हाताला तेवढीच उंची माहीत होती.

मला राग आला नाही. रडूही आलं नाही. मी नुसती त्या धारेकडं बघत राहिले. तेव्हा मी अठरा-एकोणीसची असेन. अजून परभणी जिल्हा होता, हिंगोलीचा वेगळा जिल्हा व्हायचा होता.

आयचा हात तीन महिन्यांनी भरून आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकमेकांना चिकटून राहिलं. पुढच्या वर्षी ती डाव्या हातानं घमेलं धरायला शिकली.

मला लोक आता विचारतात, बाई, तुम्हाला यंत्र करायचं सुचलं कसं? मी दहावीपर्यंत शिकले. शाळेत आम्हाला निबंध आला होता, गरज ही शोधाची जननी. मी त्यात आगगाडी लिहिली, विजेचा दिवा लिहिला, विमान लिहिलं. मला दहापैकी आठ मिळाले. गुरुजींनी वर्गात वाचून दाखवला. त्या निबंधात तहान नव्हती. ती लिहिण्यासारखी गोष्ट आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

आज मला तो निबंध खोटा वाटतो. गरज तर मालकालाही होती. ऊन त्यांच्यावरही तेच पडत होतं. पण त्यांना तहान लागली की किसनमामा होता. कपडे धुवायला एक होती, शेण काढायला एक होती. ज्याच्या हाताशी माणूस आहे, त्याला यंत्र कशाला सुचेल? यंत्र त्याला सुचतं ज्याला कुणाची तरी वाट बघावी लागते. तीही रोज. तीही वाकून.

मी आधी किसनमामाला विचारलं, "मामा, रांजणाला तोटी बसवली तर?"

तो म्हणाला, "आन् तोटीला हात कोण लावंल? तोटी म्हंजी भांडंच की, पोरी."

हात नको. मग मी पायाचा विचार करायला लागले.

माझा बाप दोर वळायचा. कासरे, दावी, चऱ्हाटं. गावातल्या प्रत्येक बैलाच्या गळ्यात त्याच्या हातचा दोर असायचा. मी आठवीत असताना तो गेला. दोर वळायची त्याची चरकी घरात तशीच पडून होती. लहानपणी ती फिरवायचं काम माझं. दोर कुठून ओढला की काय हलतं, कुठं गाठ मारली की किती वजन पेलतं, हे माझ्या हातांना माहीत होतं. माहीत आहे हे मला माहीत नव्हतं, इतकंच.

दोन बेचक्याची लाकडं मी घरामागं रोवली, वर एक आडवं टाकलं. मध्ये तेलाचा रिकामा डबा टांगला, दोन बाजूंना दोन खुंट्या, म्हणजे तो मागंपुढं झुलेल. डब्याच्या बुडाला दोर बांधला. तो वरच्या आडव्या लाकडावरून चरकीच्या चाकात घालून खाली आणला आणि एका फळीला बांधला. फळीवर पाय दिला की दोर ओढला जायचा, डब्याचं बूड वर उचललं जायचं, तोंड कलायचं. पाणी पडायचं. पाय काढला की डबा सरळ.

हे असं सांगितलं की सोपं वाटतं. पहिल्या दिवशी सगळा डबा माझ्या डोक्यावर रिकामा झाला. भरलेला असला की जागचा हलायचा नाही, अर्धा झाला की एकदम उलटा व्हायचा आणि सरळ व्हायचं नावच नाही. आय ओट्यावर बसून बघायची. एकदा म्हणाली, "काहून खेळून राहिलीस? मोठी झालीस आता." मी म्हणाले, "तुला पानी पाजायचं हाय." ती चिकटलेली बोटं दुसऱ्या हातानं चोळत बसली.

शेवटी डब्याच्या बुडाला मी एक दगड बांधला. त्याच्या वजनानं डबा भरलेला असो की अर्धा, पाय काढला की आपोआप सरळ व्हायला लागला. एवढं कळायला मला अख्खा पावसाळा लागला. ज्या दिवशी जमलं, त्या दिवशी मी आणि आय आळीपाळीनं पाणी प्यायलो. तहान नव्हती तरी प्यायलो. पोटं डब्ब झाली. आय हसली. भाजल्यापासून पहिल्यांदा.

मी ते धाकट्या मालकांकडं घेऊन गेले. मालकाचं म्हणणं पडलं, चांगलं आहे, पण चालेल का? त्यांच्या मनात पाण्याचा प्रश्न नव्हता. विटाळाचा होता. पाय फळीवर, फळीला दोर, दोराला घागर. मग विटाळ दोरावरून चढतो की नाही?

हसू नका. ही गोष्ट खरंच बसून ठरवली गेली. थोरले मालक, म्हणजे धाकट्या मालकांचे वडील, वयानं ऐंशीच्या घरात. पारावर ते बसले, आणखी चारपाच जण बसले. मी खाली, दूर. एक जण म्हणाला, दोर सुती असला तर चढेल, वाखाचा असला तर नाही. दुसरा म्हणाला, मधे लोखंडाची कडी टाका, लोखंडात तुटतो. तिसरा म्हणाला, आणि दोर ओला झाला तर? यावर सगळ्यांनी तंबाखू मळायला घेतली. ओला दोर हा अवघड मामला होता.

थोरल्या मालकांनी निकाल दिला. "दोर तर हेच लोक वळतात. आपल्या बैलाच्या गळ्यात तोच असतो, विहिरीच्या मोटेला तोच होता. दोराचा विटाळ आपल्या बापानं मानला न्हाई, आपून काहून मानावा?"

मला तेव्हा ते फार शहाणे वाटले.

हळदीच्या हंगामात निंबाखाली माझी घागर लागली. तेलाचा डबा जाऊन तिथं मालकाची पितळी घागर आली. किसनमामा दिवसातून तीनचारदा ती भरायचा आणि एरवी आपल्या दुसऱ्या कामाला मोकळा व्हायचा. जेवल्यावर त्याला निवांत झोप मिळायला लागली. आम्हाला हाक मारायची गरज उरली नाही. पाय द्यायचा, ओंजळ करायची, पोटभर प्यायचं. म्हाताऱ्या बाया मला म्हणायच्या, "तुझ्या बापाचं नाव काढलंस, माय." आय भट्टीवरून दहादा पाण्याला जाऊन यायची. तहान असो नसो.

मला आनंद झाला होता. हे लिहायला आज लाज वाटते, पण झाला होता. आपण काहीतरी केलं, असं वाटायचं. रात्री झोपताना चाकाचा आवाज कानात यायचा आणि बरं वाटायचं.

शेजारच्या मळ्यांचे मालक बघायला आले. मग दुसऱ्या गावांचे आले. धाकटे मालक प्रत्येकाला चालवून दाखवायचे. "बघा, भांड्याला हात लागतच नाही." मी तयार असायचे, पाय द्यायला. एकदोघांनी आपल्या मिस्तरीकडून तसंच करवून घेतलं. हट्टा गावच्या बाजारात लोक त्याबद्दल बोलायला लागले, पायाची घागर म्हणून. दोर कुणाच्या बापाचा, चाक कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पाणी मिळत होतं. अजून काय पाहिजे, असं वाटायचं.

जिल्हा नवा झाला होता, त्याच सुमाराची गोष्ट. हिंगोलीला शेतीचं प्रदर्शन भरलं. धाकटे मालक घागर घेऊन गेले. चालवून दाखवायला मला नेलं. जीपमध्ये मागं, घागरीशेजारी. आयनं मला तिचं ठेवणीतलं लुगडं नेसवलं होतं.

मंडपात घागरीवर एक पाटी लावली होती. "विनास्पर्श पाणपोई." खाली धाकट्या मालकांचं नाव. मी ती वाचली. एकदा, दोनदा. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. खरंच सांगते. नाव कुणाचंही असो, पाणी तर आपल्याला मिळतंय, असा हिशोब मनानं करून टाकला. बधिर झालेल्या हाताला चिमटा घेतला तर कळत नाही, तसं काहीतरी.

दुपारपर्यंत मी शेकडो वेळा पाय दिला. लोक यायचे, ओंजळ धरायचे, हसायचे, जायचे. मग एक बाई आली. तांड्यावरची. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हातात पिशवी. सेनगावकडून नवऱ्याबरोबर प्रदर्शनाला आली होती. तिनं घागर बघितली आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखी हसली.

"ह्ये तर आमच्याकडं बी हाय," ती म्हणाली. "आमी कापूस येचाया जातो, त्या मालकानं औंदा लावलं."

मला उगीच अभिमान वाटला. मी विचारलं, "बरं पडतं का?"

"लई बरं. आदी समद्या बाया एकाच माठातून पेत होतो. आमी तांड्यावरच्या, गावातल्या, आन् त्या वस्तीतल्या बी. आपला गिलास बुडवायचा आन् प्यायचं. कोन कोनाला इच्यारतंय? पन ह्ये आल्यापून मालकानं वस्तीतल्या बायांचं ह्येच्यावर येगळं केलं. आता माठाला त्यांचा हात न्हाई. बराबर केलं. झंझट न्हाई, तंटा न्हाई."

ती मला चांगलंच सांगत होती. लुगड्यामुळं तिनं मला मालकाच्या घरची समजलं असेल.

मी विचारलं, "आदी सगळ्याच एका माठातून पेत होता?"

"व्हय की. कितीक साल."

ती पाणी प्याली आणि गेली.

मी तिथंच उभी. पाय फळीवर. कुणीतरी ओंजळ धरून वाट बघत होतं. मी पाय दाबला, सोडला, दाबला. डोक्यात काहीच नव्हतं. मग हळूहळू एक एक गोष्ट येऊन बसायला लागली. सेनगावच्या बाजूला कुठंतरी एक माठ होता. त्यात सगळ्यांचे ग्लास बुडत होते. कुणी लढून नाही, कुणी कायदा दाखवून नाही. कामाच्या रगाड्यात, नुसतं विसरून. किती वर्षांनी ते विसरले असतील. आणि माझ्या घागरीनं त्यांना आठवण करून दिली.

मला वाटत होतं, आमची गरज पाणी आहे. पाणी तर रांजणात होतंच. काठोकाठ होतं. आयचा हात भाजला तो पाणी नव्हतं म्हणून नाही, दगड होता म्हणून. आणि मी काय केलं? अख्खा पावसाळा डोकं घासून, बापाचा दोर, बापाचं चाक वापरून त्या दगडाला यंत्र करून दिलं. आधी दगड सांभाळायला एक माणूस लागत होता, तो दमायचा, झोपायचा, त्याचा डोळा ओला व्हायचा. माझं यंत्र दमत नव्हतं.

तेवढ्यात गडबड झाली. मोठे साहेब आले. मागं वीसपंचवीस माणसं. धाकटे मालक पुढं झाले.

"साहेब, मजूर कितीही असू द्या, भांड्याला कुणाचाच हात लागत नाही."

"वा," साहेब म्हणाले. "स्वच्छतेच्या दृष्टीनं फार चांगलं. सुचलं कसं तुम्हाला?"

धाकटे मालक हसले. "साहेब, गरज ही शोधाची जननी असते."

माझा निबंध. दहापैकी आठ.

"दाखव गं साहेबांना," ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

मी फळीवरून पाय काढला. घागरीजवळ गेले. ती भरलेली असताना हात पोचेल इतकी जवळ मी कधी गेले नव्हते, चालवणारी मीच असूनही. वरचं, धारेपुरतं भोक असलेलं झाकण काढलं. उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. पाणी गार होतं. चूळभर घेतलं, प्याले. पुन्हा घातला, पुन्हा प्याले. पाणी हनुवटीवरून आयच्या लुगड्यावर सांडलं.

मग म्हणाले, "साहेब, हिला हात लागतो."

"अगं ए!" धाकटे मालक ओरडले. "काय करून राहिलीस? अक्कल गहाण टाकली का?"

मी म्हणाले, "गरज माझ्या आयची व्हती. तुमी पेपर वाचत व्हता."

साहेबांनी घड्याळ बघितलं. माणसं पुढच्या मांडणीकडं सरकली, तिथं बियाणं होतं. कुणी मला मारलं नाही. कुणी शाबासकीही दिली नाही. मी दोराची गाठ सोडली. बापाची गाठ होती, ओढली की सुटणारी. दोर गुंडाळून काखेत घेतला, चाक काढून घेतलं आणि बस स्टँडवर चालत गेले. घागर त्यांची होती. ती तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या मळ्यात आमच्या वस्तीचं काम बंद झालं. सगळ्यांचं. बाया दारात येऊन मला शिव्या देऊन गेल्या. त्यांचं चुकलं नाही. जी बाई मला 'बापाचं नाव काढलंस' म्हणाली होती, तिनंच त्या दिवशी माझ्या बापाचा उद्धार केला. "पानी भेटत व्हतं ना? पोटभर भेटत व्हतं ना? मंग तुला काय खुपलं?" माझ्याजवळ उत्तर होतं, पण उपाशी माणसापुढं ते बोलवलं नाही. किसनमामा वस्तीच्या अलीकडच्या ओढ्यापर्यंत येऊन सांगून गेला की घागर चिंचेनं तीनदा घासली, मग घरच्या वापरात घेतली. आणि तो पुन्हा तांब्या घेऊन निंबाखाली उभा राहायला लागला, आता तांड्यावरून आलेल्या नव्या माणसांसाठी.

आय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना, तव्याकडं बघत म्हणाली,

"गार व्हतं का पानी?"

"व्हय."

"हात घातला तवा कसं वाटलं?"

"गार वाटलं, आय."

तिनं भाकरी उलटली. 

त्यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती सांगण्यासारखी कमी आणि करण्याची जास्त होती. वसमतला एका वेल्डिंगच्या दुकानात मी झाडलोटीला लागले आणि तीन वर्षांनी तिथं वेल्डिंग करायला लागले. बाई वेल्डिंग करते म्हणून लोक चहा पीत बघायला थांबायचे. थांबू दिलं. मी पहिली वस्तू केली ती हळद शिजवायचा जाळीचा ड्रम. चार हात लांबचा दांडा दाबायचा, ड्रम कढईतून वर येतो, कलतो, शिजलेली हळद बाहेर पडते. कुणाला वाकावं लागत नाही. तोच दोर, तीच युक्ती, बुडाचा तोच दगड, फक्त लोखंडात. पहिला ड्रम चालवायला मी आयला बोलावलं. तिनं चिकटलेल्या बोटांनी दांडा दाबला. हळद धडधड खाली पडली. ती लांब उभी होती. वाफ तिच्या तोंडावर आली नाही. मला त्या दिवशीही रडू आलं नाही. पण मी पुन्हा एकदा दाबायला लावलं, मग पुन्हा एकदा.

आता माझं स्वतःचं शेड आहे, वसमतच्या रस्त्याला. दारात एक माठ आहे, त्यावर एक ग्लास. एकच. गिऱ्हाईक आलं की मी आधी म्हणते, पाणी घ्या. जो हातानं माठातून घेऊन पितो, त्याच्याशी कामाचं बोलते. बाहेरून जेवून-पिऊन आलोय म्हणतो, त्याला म्हणते, मग तहान लागली की या. काही जण हसतात. काही रागानं दुसरीकडं जातात. माझा धंदा त्यामुळं कमी होतो, ते मला कळतं.

मागच्या हंगामात धाकटे मालक आले. आता धाकटे म्हणायचं उगीच, केस पांढरे झालेत. त्यांना ड्रम हवा होता. त्यांच्या भट्टीवर माणसं मिळेनात, कुणी वाकायला तयार नाही. ऊन होतं. जीप लांब लावून चालत आलेले. ओठ कोरडे पडलेले मला दिसले.

मी म्हणाले, "पाणी घ्या."

ते माठाकडं बघत राहिले. मग पुढं आले, थोडे वाकले आणि दोन्ही हात जोडून ओंजळ केली. मी वरून ओतावं म्हणून.

त्यांनाही तेच येत होतं. माझ्या माठाला हात न लावता पाणी प्यायची एकच रीत त्यांना माहीत होती, आणि ती करताना त्यांनी माझ्या आयला रोज बघितलं होतं.

मी ओतलं नाही. म्हणाले, "ग्लास तिथंच हाय, मालक."

ते तसेच वाकून उभे राहिले. थोडा वेळ. मग सरळ झाले आणि निघून गेले. घोटभर पाण्यावाचून कुणी मरत नाही. तेही मेले नाहीत. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. मी वेल्डिंगची काच तोंडावर घेतली आणि राहिलेला सांधा पुरा केला.

लोक अजून विचारतात, नवीन काय करताय? काय करते ते सांगते. काय करणार नाही तेही सांगते. पायाची घागर मी करत नाही. कुणी कितीही देऊ केलं तरी नाही, कुणी स्वच्छतेचं कारण सांगितलं तरी नाही. आणि अजून जिथं ती असेल असं कळतं, तिथं मी जाते. दिवसाउजेडी जाते, सगळे कामावर असताना, सगळ्यांच्या देखत. झाकण काढते, हात घालून पाणी पिते, दोराची गाठ सोडते आणि दोर घेऊन येते. ती माझी चूक आहे आणि ती मलाच निस्तरायची आहे. सेनगावकडची सोडली. आणखी तीन सोडल्या. दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या, एका ठिकाणी दगड बसला, कानामागं खूण आहे.

पाचवी आखाडा बाळापूरच्या बाजूला एका मळ्यात आहे, असं काल कळलं. उद्या सकाळच्या गाडीनं जाणार आहे. आय म्हणाली, मी बी येते, मला बी हात घालायचाय.